स्वस्थान आणि स्थानबद्धता

'स्थानबद्ध' हा शब्द मराठीत राजकारणाच्या व्यवहारातून रूढ झाला, आणि रत्नागिरीशी त्याचा जितका निकटचा संबंध आला तितका महाराष्ट्रातील दुसऱ्या एखाद्या गावाशी क्वचितच आला असेल. एका राजास आपल्या आयुष्याची शेवटची तीस वर्षे येथे काढावी लागली. एका राजबंद्यास तेरा वर्षे या जिल्ह्याची सीमा ओलांडण्याची मनाई होती. हे दोन्ही इतिहास रत्नागिरीकरांस ठाऊक आहेत. प्रस्तुत लेखात आम्हांस एका तिसऱ्या प्रकारच्या स्थानबद्धाविषयी लिहावयाचे आहे. त्याच्यावर कोणत्याही सरकारचा हुकूम नाही, दारावर शिपाई नाही आणि घरही त्याचे स्वतःचेच आहे. मात्र सत्तरी उलटली आहे, गुडघे कुरकुरतात, दृष्टी मंदावली आहे, आणि घरापासून नाक्यापर्यंतची दोनशे पावलांची वाट त्यास दिवसेंदिवस अधिकाधिक दुर्गम होत चालली आहे. अशी माणसे आज प्रत्येक आळीत आहेत.

वृद्ध माणसाने आयुष्याचा उत्तरार्ध आपल्या घरी, ओळखीच्या माणसांत काढावा, उगाच त्यास उपटून दुसरीकडे लावू नये, हे मत अलीकडे जगभर मान्य झाले आहे. आम्हांसही ते मान्यच आहे. परंतु 'आपल्या घरी' या शब्दांत नेमके काय येते, याचा विचार त्या मानाने थोडा झाला आहे. घर म्हणजे केवळ चार भिंती, की त्या भिंतींपासून देवळापर्यंत, वाण्यापर्यंत, वैद्यापर्यंत आणि जुन्या मित्राच्या ओटीपर्यंत जाणारी वाटही त्यात मोडते? या प्रश्नाचे उत्तर रत्नागिरीच्या इतिहासात आम्हांस सापडते असे वाटते. म्हणून प्रथम तिकडे वळू.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याचे राज्य १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी घेतले आणि प्रथम मद्रासेस व नंतर, १८८६ च्या एप्रिलमध्ये, त्यास रत्नागिरीस आणून ठेवले. तेव्हा त्याचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. आरंभीची अनेक वर्षे त्याने भाड्याच्या बंगल्यांत काढली. पुढे त्याच्यासाठी सड्यावर, भाट्याची खाडी आणि समुद्र नजरेच्या टप्प्यात येतील अशा मोक्याच्या जागी, जांभ्या दगडाचा आणि सागवानी लाकडाचा प्रशस्त राजवाडा उभारण्यात आला. तो १९१० साली राहण्यास तयार झाला. सहा वर्षांनी, १९१६ च्या डिसेंबरात, थिबा तेथेच निवर्तला. राजवाड्यात हवा होती, उजेड होता, नोकरचाकर होते, खर्चास नेमणूक होती. नव्हते ते एवढेच, की मनात येईल तेव्हा उठून मनात येईल तिकडे जाण्याची मुभा. गंमत अशी, की ज्या रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचा १८५६ साली जन्म झाला त्या गावी मंडालेचा राजा बंदिवान असतानाच, १९०८ ते १९१४ या काळात, टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. इतिहासाने ही दोन गावे एकमेकांची कारागृहे करून टाकली.

थिबाच्या कुटुंबाची पुढील हकीकत अधिक बोलकी आहे. राजाच्या मृत्यूनंतर, १९१९ साली, राणी सुपयालत व राजकन्या यांस ब्रह्मदेशी परत जाऊ देण्यात आले. परंतु थोरली राजकन्या तेथे रमली नाही. येथल्याच एका मराठी मनुष्याशी तिचा जीव जडला होता. ती रत्नागिरीस परत आली आणि गरिबीत का होईना, १९४७ साली मृत्यू येईपर्यंत येथेच राहिली. जे गाव बापास तुरुंग झाले तेच मुलीस घर झाले. राजवाडा बापाच्या वाट्यास होता, मुलीच्या वाट्यास नव्हता. तेव्हा घर आणि तुरुंग यांतील भेद वास्तूच्या ऐसपैसपणाने ठरत नाही. येणे आणि जाणे आपल्या हाती आहे की नाही, याने तो ठरतो.

दुसरे उदाहरण विनायक दामोदर सावरकरांचे. १९२४ च्या जानेवारीत त्यांची कारागृहातून सुटका झाली ती रत्नागिरी जिल्ह्यातच राहण्याच्या व राजकारणात भाग न घेण्याच्या अटींवर. हे निर्बंध १९३७ साली उठले. त्यांच्या राजकीय मतांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. आमच्या विषयाला लागू पडणारी गोष्ट अशी, की जिल्ह्याच्या सीमेत बांधलेल्या या माणसाने गावातल्या गावात कोण कोठे जाऊ शकतो, हाच प्रश्न हाती घेतला. कोणत्या वस्तीतल्या माणसाने कोणत्या देवळाच्या कोणत्या पायरीपर्यंत यावे याच्या मर्यादा शतकानुशतके ठरून गेल्या होत्या. भागोजीशेठ कीर यांच्या औदार्याने १९३१ साली उभे राहिलेले पतितपावन मंदिर सर्व हिंदूंस, जातिभेद न मानता, खुले झाले, त्याचे महत्त्व या दृष्टीनेही आहे. गावातील वाट सर्वांसाठी सारखी खुली असते हा समज किती भ्रामक आहे, हे त्या काळच्या रत्नागिरीकरांनी डोळ्यांनी पाहिले. वाट जशी रूढीने बंद होते तशी ती उंच पायरीनेही बंद होते. पहिल्या अडथळ्यात अन्याय असतो आणि दुसऱ्यात बहुधा केवळ अनास्था, पण बाहेर राहिलेल्या माणसास दोन्हींचे फळ पुष्कळ अंशी एकच.

आता खुद्द गावाकडे पाहू. दक्षिण कोकणाचे मुख्य ठाणे १८२२ साली बाणकोटाहून रत्नागिरीस आले, आणि तेव्हापासून बंदर, बाजार व कचेऱ्या यांभोवती हे नगर वाढत गेले. त्याची घडण सपाटीवरील नगरांसारखी नाही. खाली समुद्र आणि खाडी, त्यांच्या काठी मांडवी, मिरकरवाडा, राजिवडा यांसारख्या वस्त्या. वर जांभ्याचा उघडा सडा. आणि मधल्या उतारांवर नारळी-पोफळीच्या आगरांत दडलेल्या आळ्या. या वरखाली जाण्यासाठी लोकांनी जांभ्याचे चिरे बसवून पाखाड्या बांधल्या. दोहों बाजूंस गडगे, डोक्यावर आंबा-फणसाची सावली आणि पायांखाली रुंद, बुटक्या पायऱ्या, असे पाखाडीचे रूप असे. ती वृद्धांसाठी म्हणून कोणी बांधली नव्हती. पण डोक्यावर ओझे घेतलेल्या बाईस आणि पालखी वाहणाऱ्या भोयांस सोसेल अशी चढण ठेवणे भागच होते, आणि ओझेवाल्यास जी चढण सोसते ती म्हाताऱ्यासही बहुधा सोसते.

दुसरे असे, की जुन्या वस्तीत बसावयास जागोजाग ठिकाणे होती. वडापिंपळाचा पार, देवळाचा सभामंडप, घराची ओटी, विहिरीचा काठ, दुकानाची फळी. वृद्ध मनुष्य घरातून निघाला म्हणजे एका दमात मुक्कामास पोहोचण्याची त्यास गरज नसे. पन्नास पावले चालावे, कोणाच्या ओटीवर टेकावे, पानाचा विडा जमवावा, दोन शब्द बोलावे आणि पुढे निघावे, असा तो प्रवास चाले. त्यास ठरलेले गंतव्यही असे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ साली स्थापन झाले. महाराष्ट्रातील अतिशय जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते. वर्तमानपत्र वाचण्याच्या निमित्ताने घराबाहेर पडणाऱ्या पेन्शनरांच्या किती पिढ्या अशा संस्थांनी पोसल्या असतील! वर्तमानपत्र घरीही येऊ शकते. ते वाचून वाद घालण्यास मात्र दुसरा वाचक लागतो.

चालता येणारा वृद्ध समाजाच्या किती उपयोगी पडतो याचे याच जिल्ह्याने दिलेले उदाहरण म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. मुरुडचा हा मुलगा परीक्षेसाठी पायी साताऱ्यापर्यंत गेला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेडोपाडी प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी नवे मंडळ स्थापिले आणि त्यासाठी पुण्यात दारोदार पायपीट करून वर्गणी गोळा केली, हे त्याहून विचार करण्याजोगे आहे. एकशे चार वर्षांचे आयुष्य त्यांस लाभले. त्या पायपिटीस शरीराची काटकता जशी कारण झाली तशीच चालण्यास योग्य अशी वाटही कारण झाली असली पाहिजे.

तथापि जुन्या काळाचे हे चित्र रंगवताना त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सार्वजनिक पारावर बसलेला वृद्ध हा बहुतेक पुरुष असे. वृद्ध स्त्रीचे जग विहीर, देऊळ आणि शेजारणीची पडवी एवढ्यातच सामावलेले होते. आणि ती विधवा असेल तर मंगलकार्याच्या घरची पायरीही तिला परकी होई. पावसाळ्यात, जेव्हा या किनाऱ्यावर तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तेव्हा जांभ्याच्या पाखाडीवर शेवाळ धरे आणि धडधाकट माणूसही घसरे. अंथरुणास खिळलेल्यास डोली करून वैद्याकडे न्यावे लागे, आणि डोलीस चार खांदे लागत. थोडक्यात, त्या काळची सोय दगडांइतकीच माणसांवर उभी होती. घरात पुतणे, नातू, गडी यांचा राबता असे, म्हणून म्हाताऱ्याचा हात धरण्यास कोणी ना कोणी मिळे.

हे खांदेच पुढे गावातून नाहीसे झाले. मुंबईच्या गिरण्या वाढल्या तसा रत्नागिरी जिल्ह्यातील तरुण आगबोटीने मुंबईस जाऊ लागला. गिरणीकामगारांत या जिल्ह्याचा भरणा फार मोठा होता. १८८० साली टपालखात्याने मनिऑर्डरीचे काम हाती घेतले आणि मुलगा मुंबईत, त्याचे पैसे गावी, ही कोकणी कुटुंबाची कायमची व्यवस्था होऊन बसली. मनिऑर्डर घेऊन टपालवाला पाखाडी चढून दारापर्यंत येई, परंतु म्हातारीस पाखाडी उतरवून देवळात नेण्याचे काम मनिऑर्डर करू शकत नसे. पावसाळ्यात आगबोटी बंद पडत, म्हणजे वर्षातील काही महिने मुलगा येऊ म्हणाला तरी त्यास येणे अवघड. या स्थलांतराची खूण खानेसुमारीत आजवर उमटलेली आहे. २०११ च्या गणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि २००१ साली १६,९६,७७७ असलेली लोकसंख्या दहा वर्षांत १६,१५,०६९ वर उतरली होती. देश वाढत असता हा जिल्हा घटत होता. जे गेले ते कमावते, जे राहिले त्यांत वृद्धांचा आणि त्यातही वृद्ध स्त्रियांचा वाटा मोठा, हे सांगण्यास गणितज्ञ नको.

दळणवळणाची साधने या काळात सुधारली नाहीत असे नाही; उलट अतोनात सुधारली. १९४८ पासून सरकारी मोटारगाड्या धावू लागल्या आणि त्या हळूहळू वाडीवाडीपर्यंत पोहोचल्या. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली आणि मुंबई एका दिवसाच्या आत आली. परंतु या सर्व सुधारणांची दिशा एकच होती: दूरचे जवळ आणणे. जवळचे जवळ राहील की नाही, याकडे कोणाचे लक्ष नव्हते. रेल्वेचे स्थानक शहराबाहेर कुवारबावाजवळ. तेथवर जाण्यास रिक्षा हवी. राज्य परिवहन मंडळाने पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांस २०२२ च्या ऑगस्टपासून विनामूल्य प्रवास दिला, पासष्ट ते पंचाहत्तरपर्यंत अर्धे तिकीट पूर्वीपासून आहेच. ही उदार आणि स्तुत्य गोष्ट होय. तरीही ऐंशी वर्षांच्या आजीबाईंस तिकीट माफ झाले म्हणून गाडीची पहिली पायरी खाली येत नाही, थांब्यावर बाक उगवत नाही, आणि घरापासून थांब्यापर्यंतचा रस्ता ओलांडण्यास वाहनांची रांग थांबत नाही. कोल्हापूरपर्यंतचा प्रवास फुकट आणि कोपऱ्यापर्यंतचा अशक्य, अशी ही चमत्कारिक स्थिती आहे.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत शहराने सड्याकडे, मारुती मंदिर व नाचण्याच्या बाजूस, हातपाय पसरले. जुन्या घरांच्या जागी मजल्यांच्या इमारती आल्या. ओटी गेली, तिच्या जागी वाहने ठेवण्याची जागा आली. रस्त्यावर थर चढत गेले आणि दाराशी एक पायरी होती तेथे दोन झाल्या, किंवा रस्ता वर आणि दार खाली असे झाले. गटारावरची एखादी फरशी हलते, एखादी नाहीशी असते. जेथे पदपथ आहे तेथे त्यावर दुचाक्या विसावलेल्या असतात आणि माणूस वाहनांच्या रस्त्यावर उतरतो. या गोष्टी तरुणांस दिसतसुद्धा नाहीत, कारण तो त्या उडी मारून ओलांडतो. वृद्धास मात्र अशी प्रत्येक जागा नदीसारखी वाटते. एकदा पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले की पुढचे आयुष्य खाटेवर, हे त्यास ठाऊक असते. म्हणून भीतीपोटी तो प्रथम बाजार सोडतो, मग वाचनालय, मग देऊळ, आणि शेवटी जिना. हुकमाशिवाय झालेली स्थानबद्धता ती हीच.

नियम नाहीत म्हणून असे घडते, असेही नव्हे. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने २०१२ साली पादचाऱ्यांच्या सोयींसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे सुधारून प्रसिद्ध केली, त्यांत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि त्याच्या काठाची उंची १५० मिलिमीटरांहून अधिक नसावी असे सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली तेहतीस शहरांतील वृद्धांस विचारून वृद्धस्नेही नगरांची एक मार्गदर्शिका काढली. तीत बाक, स्वच्छतागृहे, रस्ता ओलांडण्यास पुरेसा वेळ अशा अगदी साध्या मागण्या पुढे आल्या. त्याच वर्षी आपल्याकडे आईवडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्यात पोटगी आहे, वृद्धाश्रम आहेत, औषधोपचार आहे, मालमत्तेचे रक्षण आहे. वाटेचा विचार मात्र त्याच्या मुख्य विषयांत नाही. वृद्धास अन्न, औषध आणि छप्पर मिळाले म्हणजे आपले कर्तव्य संपले, ही समजूत कायद्याइतकीच कुटुंबांतही दिसते. थिबासही अन्न, औषध आणि छप्पर मिळतच होते.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की आता सर्वच वस्तू घरपोच मिळतात. डॉक्टरही दूरध्वनीवर चित्ररूपाने भेटतो. मग म्हाताऱ्यांनी उन्हापावसात बाहेर पडावेच कशाला? यास उत्तर हे, की मनुष्य भाजी आणण्यास जातो तो केवळ भाजीसाठी जात नाही. भाव करावा, ओळखीचा चेहरा पाहावा, कोण आजारी आहे, कोणाकडे बारसे आहे हे कळावे, आपण अजून जगात आहोत याची जगास आणि स्वतःस खात्री पटावी, यासाठी तो जातो. वस्तू घरी आल्याने गरज भागते. पण माणूस गावाच्या जीवनातून नाहीसा होतो. दुसरा आक्षेप मुंबई-पुण्यातील मुलांचा: आईवडिलांस आम्ही आमच्याकडे घेऊन येऊ. त्यांचा हेतू निर्मळ आहे. परंतु बाराव्या मजल्यावर, कोणी ओळखीचे नसलेल्या वस्तीत, मुलगा आणि सून दिवसभर कामावर असता, तेथेही प्रश्न तोच उरतो. फक्त खिडकीतून समुद्राऐवजी दुसरी इमारत दिसते.

मग करावे काय? या बाबतीत आम्हांस पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराचे स्मरण होते. १९१४ साली तो हिंदुस्थानात आला तेव्हा त्याने साठी गाठली होती. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा अध्यापक झालेल्या या माणसाने अनेक हिंदी नगरांचे अहवाल लिहिले. जुनी वस्ती चिरून सरळ रुंद रस्ते काढण्याच्या तत्कालीन पद्धतीवर त्याचा राग होता. आधी गल्लीबोळ पायी फिरून पाहावे, दोन-चार पडकी घरे काढून मोकळी जागा वाढवावी, झाड आणि देऊळ राखावे, म्हणजे थोड्या खर्चात अधिक काम होते, असे त्याचे प्रतिपादन होते. साठ वर्षांच्या पायांनी पाहिलेले नगर नकाशावर पाहिलेल्या नगराहून वेगळे दिसले, यात नवल नाही.

हीच रीत येथे चालवता येण्यासारखी आहे. रत्नागिरीस नगरपालिका आहे, वाचनालये आहेत, ज्येष्ठांचे मेळावे आहेत, महाविद्यालये आहेत. प्रत्येक प्रभागातून चार वृद्धांबरोबर दोन विद्यार्थ्यांनी एक दिवस घरापासून बाजारापर्यंत चालावे. कोठे दम लागला, कोठे बसावेसे वाटले, कोठे भीती वाटली, एवढेच टिपून घ्यावे. त्या टिपणातून जी यादी निघेल ती फार खर्चाची नसेल. पाखाडीच्या कडेला लोखंडी कठडा आणि पावसाळ्यापूर्वी शेवाळ खरवडणे. शंभर पावलांवर एक बाक, तोही पाठ टेकता येईल असा. हलणाऱ्या फरश्या घट्ट बसवणे. चौकात ओलांडण्याची एक निश्चित जागा. बसथांब्यावर गाडीच्या पायरीस लागेल असा ओटा. बाजारात स्वच्छ आणि पायऱ्या नसलेले एक प्रसाधनगृह. स्त्रियांस विशेषतः या शेवटच्या सोयीअभावी किती वाटा बंद होतात, हे त्या संकोचाने सांगत नाहीत. या यादीत भव्य असे काही नाही, आणि उद्घाटनाचा समारंभ करण्याजोगे तर मुळीच नाही. कदाचित म्हणूनच ही कामे मागे पडत असावीत.

शिवाय अशा कामाचा लाभ एकट्या वृद्धास होत नाही. गरोदर स्त्री, दप्तर घेतलेले मूल, पाय मोडलेला तरुण, डोक्यावर टोपली घेतलेली मासळीवाली, या सर्वांच्या पायांखाली तोच रस्ता असतो. ओझेवाल्यासाठी बांधलेली पाखाडी जशी म्हाताऱ्यास उपयोगी पडली, तसा म्हाताऱ्यासाठी नीट केलेला रस्ता साऱ्या गावाच्या कामी येईल.

देशात २०११ साली साठीपुढची माणसे सुमारे साडेदहा कोटी होती. महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण शेकडा दहाच्या जवळ होते, आणि ते वाढतच आहे. आज चाळिशीत असलेला वाचक, जो दुचाकीवरून पाच मिनिटांत सड्यावरून मांडवीस उतरतो, तोही पुढेमागे या संख्येत मोजला जाईल. त्या वेळी मुले कोठे असतील हे त्याच्या हाती नाही; गुडघ्यांत किती बळ उरेल हेही फारसे त्याच्या हाती नाही. दारापासून नाक्यापर्यंतची वाट मात्र आज त्याच्या, त्याच्या मताच्या आणि त्याच्या नगरपालिकेच्या हाती आहे.